टिपणीसांचे गाल आणि कडवे वाल

दत्तोपंत प्रधानांच्या संसारात टिपणीसांचे गाल शिरले ते डिसेंबरातल्या एका सकाळी, शालीच्या निमित्ताने.

कर्जतची थंडी बाहेरच्या माणसाला कळत नाही. मुंबईकर येतात, ‘काय गारवा आहे!’ म्हणतात, वडापाव खातात आणि रविवारी संध्याकाळी परत जातात. इथल्या माणसांचं अंग मात्र दिवाळी संपली की फुटायला लागतं. पहाटे माथेरानच्या डोंगरावरून गार वारा उतरतो, दुपारी ऊन चटके देतं, आणि या दोघांच्या भांडणात कातडीचा बळी जातो. दत्तोपंतांची कातडी तर आधीच खडू आणि डस्टरच्या सहवासात जन्म काढलेली. शाळेत भूमिती शिकवून ते निवृत्त झाले होते. थंडीत पोटरीवर नखाने ओढलं की स्वच्छ पांढरी रेघ उठायची. एकदा पेपर यायला उशीर झाला तेव्हा त्यांनी डाव्या पोटरीवर काटकोन काढून पाहिला होता आणि तो बऱ्यापैकी साधला होता.

तर त्या सकाळी गॅलरीत चहा घेताना दत्तोपंतांना बायकोबद्दल एकदम माया दाटून आली. असं वरचेवर होत नसे. त्यांनी विमलताईंच्या खांद्यावर हात ठेवला.

“हात काढा हो,” विमलताई म्हणाल्या, “शालीचे धागे निघतायत.”

आणि त्यांनी नवऱ्याच्या तळव्यात अडकलेला एकेक धागा बाभळीतून पदर सोडवावा तसा सोडवून घेतला. एवढ्यावर भागलं असतं. पण नेमके त्याच वेळी समोरच्या ब्लॉकमधले टिपणीस आपल्या गॅलरीत तुळशीला पाणी घालायला आले. ऊन त्यांच्या तोंडावर पडलं.

“नाहीतर टिपणीस बघा,” विमलताई म्हणाल्या. “वयाने तुमच्याहून मोठे. पण गाल कसे लोण्यासारखे!”

दत्तोपंतांनी चहाचा कप खाली ठेवला. पस्तीस वर्षांच्या संसारात विमलताईंनी त्यांच्या गालांविषयी बरं-वाईट काहीच म्हटलेलं नव्हतं. गाल हा विषय बायकोच्या अभ्यासक्रमात आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

टिपणीसांविषयी इथे थोडं सांगायला हवं. मोहोपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले, पत्नी आधीच गेलेली, आणि गेल्या वर्षी उल्हासतीर सोसायटीत राहायला आले. गृहस्थ सज्जन. दत्तोपंतांची मुख्य तक्रार तीच होती. सज्जन माणसाविरुद्ध बोलायला काही सापडत नाही आणि सगळं मनातच साठत जातं. टिपणीस स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत, जिना चढताना गुणगुणत, विमलताईंना ‘वहिनी’ म्हणताना शेवटची वेलांटी जरा लांबवत. शिवाय ते आवाज न करता येत. प्रधानांचं दार दिवसा नुसतं लोटलेलं असे. तुम्ही खुर्चीत बसलेले असता, मान वर करता, तर समोर टिपणीस, हातात कोथिंबीर आणि वर ते गाल. चोरपावलांनी येणारा माणूस मनाने स्वच्छ असू शकत नाही, असं दत्तोपंतांचं मत होतं.

त्या दिवशी दत्तोपंतांनी मनाशी पक्कं केलं. विमलताईंच्या तोंडून ते वाक्य आपल्याबद्दल ऐकायचं. ‘अहो, किती मऊ झालात हो.’ एवढंच. आणि जमल्यास टिपणीस ऐकत असताना.

पहिला सल्ला त्यांनी खालच्या मजल्यावरच्या अंतराकडून घेतला. ती घरून ऑफिसचं काम करायची आणि उरलेल्या वेळात चेहऱ्याचं. आता निवृत्त शिक्षकाने तरुण मुलीला स्वतःच्या गालांविषयी विचारायचं तरी कसं? दत्तोपंत म्हणाले, “माझ्या एका मित्राचा प्रश्न आहे.”

“मित्राची स्किन ड्राय आहे की डिहायड्रेटेड?” अंतराने विचारलं.

अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला की मुलांचे चेहरे जसे होत, तसा दत्तोपंतांचा झाला. “दोन्ही,” ते म्हणाले.

“काका, मग लेअरिंग करावं लागेल. आधी टोनर, मग सीरम, वर मॉइश्चरायझर. पातळापासून घट्टाकडे. आणि तोंड ओलं असतानाच लावायचं हं, तुमच्या त्या मित्राने.”

तिने तीन बाटल्याही दिल्या. दत्तोपंतांनी घरी येऊन बाथरूमचं दार लावलं. पण भूमितीच्या माणसाला पाया भक्कम लागतो. त्यांनी सगळ्यात घट्ट ते आधी लावलं, त्यावर चिकट आणि त्यावर पातळ. चोळता चोळता गालावरून बारीक वळ्या सुटायला लागल्या, खोडरबराने खोडल्यावर वहीवर पडतात तशा. त्या पांढऱ्या मिशीत जमल्या. जेवताना विमलताईंनी विचारलं, “काय हो, खोबरं खाल्लंत का?” दत्तोपंत हो म्हणाले.

नंतर आली सोनुबाई. ती खालापूरकडच्या गावातून दूध घालायला यायची, आणि हंगामात कडवे वाल, शेंगा, काय असेल ते आणायची. दत्तोपंतांनी तिच्याकडेही मित्राचा प्रश्न मांडला.

“मित्राचा कशाला, तुमचाच सांगा ना मास्तर,” सोनुबाई म्हणाली. “तोंड बगा कसं झालंय, उन्हाल्यातल्या शेतावानी. दुदाची साय लावा नि उन्हात बसा. आमी काय बाटल्या आनतो का?”

दत्तोपंतांनी साय लावली आणि पुढच्या खोलीत खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात आरामखुर्ची ओढली. ऊब, साय आणि निवृत्ती, तिन्ही एकत्र आल्यावर झोप लागायचीच. जाग आली ती कुणीतरी गालावर हळूहळू वर्तमानपत्र फिरवत होतं म्हणून. डोळे उघडले तर टिपणीस.

“हलू नका प्रधान, मुंग्या आहेत,” टिपणीस अगदी प्रेमाने म्हणाले. “लाल आहेत. मी वाटी परत द्यायला आलो, बघतो तर रांगच लागलीय.”

स्वयंपाकघरातून विमलताई धावत आल्या. त्यांनी नवऱ्याचा गाल पाहिला, मग टिपणीसांकडे वळल्या. “बरं झालं बाई तुम्ही आलात!”

सगळ्या जगात मुंग्या झाडायला दुसरं कुणी मिळू नये? दत्तोपंतांना मुंग्यांपेक्षा ते ‘बरं झालं’ जास्त चावलं. शिवाय दार वाजल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आले कधी हे गृहस्थ?

मग तिळाचं तेल झालं. सर्वांगाला चोळून मग कढत पाण्याने आंघोळ, असा बेत होता. पण तेल अंगापेक्षा फरशीला जास्त मिळालं आणि दत्तोपंत दारापासून गीझरपर्यंत एकही पाऊल न उचलता पोचले. हाड मोडलं नाही, बादली मोडली. विमलताईंनी बाथरूममध्ये तेलाला बंदी केली. “गच्चीवर जा नि काय ते करा,” त्या म्हणाल्या.

गच्चीवर दत्तोपंत पंचा नेसून, तेलाने न्हाऊन, उन्हात पालथे पडले असताना सोसायटीचे सेक्रेटरी नवीन भोईर वर आले. नवीन हा दत्तोपंतांचाच विद्यार्थी. दहावीला भूमितीत तो काठावर पास झाला होता, तोही दत्तोपंतांच्या मते काठाच्या अलीकडेच. ही गोष्ट दोघेही विसरले नव्हते.

“सर, इथं बसता येनार नाय,” नवीन म्हणाला. “गच्चीचा वापर फक्त वालवनासाठी. नियम हाय.”

“अरे, पण मी वाळतोच आहे.”

“वालवन म्हंजे पापड, गोधड्या, मिरच्या. मानूस नाय सर त्यात.”

“व्याख्या काय आहे वाळवणाची? नियमावलीत व्याख्या दिलीय?”

“व्याख्या तुमी मला ईस येला लिवायला लावल्या होत्या सर,” नवीन शांतपणे म्हणाला. “आता तुमी अर्ज लिवा. कमिटीत ठेवतो.”

दत्तोपंतांनी अर्ज लिहिला. ‘स्वतःस गच्चीवर वाळत घालण्याची परवानगी मिळणेबाबत’ असा विषय. कमिटीने त्यावर समोरच्या ब्लॉकची हरकत आहे का, असं विचारलं. म्हणजे टिपणीसांची सही हवी! टिपणीसांनी हसत हसत सही दिली, वर ‘प्रकृतीस आराम पडो’ असंही लिहिलं. दत्तोपंतांनी तो अर्ज फाडून टाकला आणि त्यानंतर गच्चीवर पाऊल ठेवलं नाही.

एवढं सगळं होऊनही शालीचे धागे निघतच होते आणि तळवेही तसेच होते. त्यातच लग्नाचा वाढदिवस आला.

“रविवारी बिरडं करतेय,” विमलताई म्हणाल्या. दत्तोपंतांचा जीव हरखला. “टिपणीसांना बोलावलंय जेवायला,” त्या पुढे म्हणाल्या. “एकटा माणूस. ती गेल्यापासून सोललेल्या वालाचं बिरडं खाल्लं नाही म्हणत होते.”

ज्यांच्या घरात बिरडं होतं त्यांना हे दुःख समजावून सांगावं लागणार नाही. बाकीच्यांसाठी सांगतो, बिरडं म्हणजे सोललेल्या वालांची उसळ. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, पुन्हा कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा बोटांत दाबून सालातून सोडवायचा. डझनभर माणसांचा स्वयंपाक होईल तेवढा वेळ नुसता सोलण्यात जातो. बायको ज्याच्यासाठी वाल सोलते तो तिचा खरा माणूस, अशी प्रधानांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या समजूत. आणि शनिवारी संध्याकाळी विमलताई टीव्हीसमोर बसून, गाणं गुणगुणत, टिपणीसांसाठी वाल सोलत होत्या. गाणंही जिन्यात ऐकू येतं तेच. दत्तोपंत पेपरच्या आडून सोललेला एकेक दाणा मोजत होते.

त्याच सकाळी दूध घालताना सोनुबाईने आणखी एक काडी टाकली होती. “साय नाय मानवली ना? मग वालाची सालं वाटून लावा. वाल सोलून बगा, हात कसे मऊ पडतात बाईंचे. ती सालं मला म्हशीला देता, त्यातली मूठभर ठेवा.”

रविवारी सकाळी विमलताई देवळात गेल्या. फ्रिजमध्ये दोन सारखे स्टीलचे डबे होते. एकात सोललेले वाल, एकात म्हशीची सालं. दत्तोपंतांनी आधी अंतराचं मलम नाकाला लावलं होतं, त्यामुळे चष्मा राहीना, म्हणून तो काढून ठेवलेला. त्यांनी एक डबा घेतला, मिक्सरमध्ये उपडा केला, हळद घातली, साय घातली आणि तो फिरवला. वास फार छान आला. भूकही लागली. त्यांनी सगळा लेप तोंडाला, मानेला, हातांना लावला आणि पंख्याखाली वाळत बसले.

इथे दत्तोपंतांच्या बाजूने एवढं म्हणायला हवं की चूक चष्म्याची होती. मात्र डब्यात हात घातल्यावर बोटांना जे लागलं ते सालासारखं पातळ, चुरगळलेलं नव्हतं, गुळगुळीत आणि भरीव होतं. हे बोटांनी त्यांना त्याच क्षणी सांगितलं की नाही, यावर पुढे बराच वाद झाला.

विमलताई आल्या, पदर खोचला, फ्रिज उघडला. डबा उघडला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “माझे वाल कुठायत?”

दत्तोपंत बोलू शकत नव्हते. लेप वाळून तोंडाभोवती भिंतीसारखा उभा होता. ओठ हलवले तर तडे जात होते. त्यांनी काही क्षण विचार केला आणि बोटाने आपला चेहरा दाखवला.

विमलताई जवळ आल्या. वाकल्या. वास घेतला. “तुम्ही मुद्दाम केलंत,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कापला. “काल संध्याकाळभर सोलले मी.”

दत्तोपंतांना नाही म्हणायचं होतं. पण तडा नको म्हणून ते गप्प राहिले की खरंच म्हणता येत नव्हतं, हे त्यांचं त्यांनाही नीट कळलं नाही. त्यांना एकदम स्वतःची लाज वाटली. आणि तेवढ्यात, नेहमीप्रमाणे, कसलाही आवाज न होता खोलीच्या मध्यभागी टिपणीस उभे होते. हातात मोगऱ्याचा गजरा.

टिपणीसांनी आधी हवेत वास घेतला. “वा! बिरडं!” मग त्यांचं लक्ष दत्तोपंतांकडे गेलं. मग विमलताईंकडे. मग पुन्हा दत्तोपंतांकडे. सज्जन माणूस म्हणजे काय ते तेव्हा दिसलं. ते एवढंच म्हणाले, “वहिनी, पिठलं फार दिवसांत खाल्लं नाही हो.”

तोंड धुवायला पुष्कळ वेळ लागला. पिठलंभाताची पानं मांडली गेली. टिपणीस पिठल्याची स्तुती करत होते, विमलताई नवऱ्याकडे न बघता वाढत होत्या. दत्तोपंतांचा गाल हळदीने पिवळाजर्द झाला होता आणि मऊ तर अजिबात झाला नव्हता. शेवटी त्यांना राहवेना.

“टिपणीस, खरं सांगा,” ते म्हणाले, “तुम्ही लावता काय?”

“म्हणजे?” टिपणीस गोंधळले. “वहिनींचंच कोकमतेल. थंडी सुरू झाली तेव्हा माझे ओठ फुटलेले बघून यांनीच गोळा दिला. जरा गरम करायचा, चोळायचा. दुसरं काय लावणार मी?”

दत्तोपंतांनी हातातला घास पानात ठेवला. बायकोच्या माहेरचं, रोह्याचं तेल. त्या परक्या गालांवर. “त्यांना दिलंस,” ते म्हणाले, आणि आवाज लहान मुलासारखा निघाला, “मला नाही दिलंस.”

विमलताईंनी पळी भांड्यात ठेवली.

“तुम्हाला नाही दिलं? लग्न झाल्यापासून दरवर्षी, पहिली थंडी पडली की दादाकडून गोळा येतो आणि मी तुमच्या उशाशी ठेवते. जातो कुठे तो? मला वाटतं लावताय. गुण येत नाही, कातडीच तशी असेल. दादाला सांगते, ह्यांना पुरत नाही रे, मोठा गोळा पाठव.”

दत्तोपंतांनी हळूच मान वळवून पुढच्या दाराकडे पाहिलं. विमलताईंनीही पाहिलं.

लग्नानंतरची पहिली थंडी दत्तोपंतांना स्पष्ट आठवत होती. नवी नवरी, लाजरी, चार शब्द बोलायची नाही. त्या आठवड्यात घराचं दार भयंकर करकरत होतं. एका सकाळी उशाशी तेलाचा गोळा दिसला. चाणाक्ष माणसाला सूचना पुरते. बायको न बोलता दाराचं सांगतेय, हे ओळखून त्यांनी तो गोळा पातळ करून बिजागऱ्यांना घातला होता आणि आपल्याला बायकोचं मन कळतं याचा त्यांना केवढा अभिमान वाटला होता. तेव्हापासून दर थंडीत गोळा आला की दार. घर बदललं, दार बदललं, पण नेम चुकला नाही.

“दाराला,” दत्तोपंत म्हणाले. “दाराला आला गुण.”

टिपणीस हात धुवून दाराशी गेले. दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. श्वासाएवढाही आवाज नाही. “वा वहिनी,” ते भारावून म्हणाले, “काय मऊ दार आहे हो!”

विमलताईंनी पदर तोंडाला लावला. रडतात की काय म्हणून दत्तोपंत धास्तावले. पण त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या, आणि हसता हसता त्यांनी नवऱ्याच्या पानात पिठल्याची आणखी एक पळी वाढली. टिपणीसांच्या पानात मात्र वाढली नाही. दत्तोपंतांनी ते बरोबर टिपून ठेवलं.

त्या दिवसापासून गोळा दत्तोपंतांच्या हातापायांना आणि गालांना लागायला लागला. लावून द्यायच्या विमलताई. ‘तुमच्यावर भरवसा नाही, खिडकीला लावाल,’ म्हणायच्या. दाराचा खुराक बंद झाला आणि संक्रांत येईतो ते चांगलं करकरायला लागलं. नवीन भोईर सोसायटीचा ऑईलचा डबा घेऊन आला, तेव्हा दत्तोपंतांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. टिपणीस आत येताना दार आता असं ओरडायचं की गॅलरीपर्यंत ऐकू यायचं. एवढं गोड संगीत दत्तोपंतांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

संक्रांतीच्या सकाळी दोघं गॅलरीत बसली होती. दत्तोपंतांनी जरा बिचकत विमलताईंच्या खांद्यावर हात ठेवला. धागा निघाला नाही. हात हळूच फिरवून पाहिला. तरी नाही. विमलताईंनी तो हात हातात घेऊन तळव्यावरून अंगठा फिरवला आणि दत्तोपंत श्वास रोखून वाट पाहत राहिले.

“मऊ झाला हो हात,” विमलताई म्हणाल्या. “अगदी टिपणीसांसारखा.”

दत्तोपंतांनी झटकन मान वळवली. “टिपणीसांचा हात तुला काय माहीत?”

“दाखवायला नको का, कसं चोळायचं ते?” त्या हसून म्हणाल्या, आणि आत दार करकरलं. “बघा, आलेच. विचारा त्यांनाच.”

टिपणीस आले, समोर बसले, तिळगूळ झाला, चहा झाला. दत्तोपंतांनी एका हाताने तिळगूळ घेतला आणि त्याच हाताने चहा प्यायला. दुसरा हात शालीवर ठेवला होता तो तिथेच होता, आणि टिपणीस उठून जाईपर्यंत त्यांनी तो काढला नाही.